चार खाड्या, चार तरी : मांडव्याहून मालगुंडपर्यंत

रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे निघालं की रस्ता फार वेळ सरळ चालत नाही. मध्येच एखादी खाडी आडवी येते आणि डांबर उतरत उतरत थेट पाण्यात जातं. पुढे जायचं तर गाडीसकट तरीत, म्हणजे खाडी ओलांडून देणाऱ्या बोटीत चढायचं, नाहीतर उलटं फिरून खाडीच्या पोटापर्यंत वळसा मारायचा. मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. आम्ही या वेळी महामार्गाला शक्य तितकं लांब ठेवायचं ठरवलं. चार तरी धरायच्या : आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. मधे जे लागेल ते बघायचं. माझ्या मते या किनाऱ्यावरची गावं अजून गावांसारखी राहिली आहेत ती या खाड्यांमुळे. आता रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर मोठे पूल आखलेत, तेव्हा हा प्रवास असा करायचा तर लवकर केलेला बरा.

बरोबर बायको आणि सासरे. बाबा एसटीत कंडक्टर होते आणि उमेदीची बरीच वर्षं त्यांनी कोकणातल्या डेपोंमध्ये काढलेली. कुठली मुक्कामी गाडी कुठल्या गावात थांबायची आणि ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला कुणाची पडवी मिळायची, हे त्यांना अजून पाठ आहे. गूगल मॅपला रस्ता विचारला की ते पुढच्या सीटवरून हसत.

पहिला दिवस : भाऊचा धक्का ते मुरुड

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली आणि अलिबागचा प्रवास बदलला. तासाभरात पलीकडे. वातानुकूलित डबा, कॉफी, वेफर्स. सोयीची आहे, पण बाबांनी तिला तरीत धरायला साफ नकार दिला. "हे जहाज आहे हो जावईबापू, तर अशी नसते."

अलिबाग शनिवारच्या गर्दीत ओलांडलं. कुलाबा किल्ला पूर्वी पाहिलेला, थांबलो नाही. खरा प्रवास चौल-रेवदंड्यापासून सुरू होतो. नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून अचानक पोर्तुगीज तटाचा तुकडा वर येतो, त्याच्यावर वडाने पाय रोवलेले असतात, आणि पायथ्याशी कुणीतरी कपडे वाळत घातलेले असतात. कुंडलिकेचा पूल ओलांडला की समोर कोर्लईचा डोंगर, समुद्रात घुसलेला. गडावर जायला दीपगृहाकडून वाट आहे, चढ फार नाही, आणि वरून एका बाजूला खाडी नि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र असं दोन्ही दिसतं. पण मला गडापेक्षा गावाचं अप्रूप वाटतं. कोर्लईतल्या ख्रिस्ती घरांमधून आजही पोर्तुगीज-मराठी मिसळीतून तयार झालेली एक बोली बोलली जाते. पोर्तुगीज सत्ता इथून १७४० च्या सुमारास गेली, बोली मात्र राहिली. दुकानात बिस्किटं घेताना दोन बायका तिच्यात बोलत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही, हेल मात्र अगदी आपला.

पुढे रस्त्याच्या कडेला 'पोपटी मिळेल' अशी खडूने लिहिलेली पाटी दिसली. हंगाम संपत आलेला, म्हणून थांबलोच. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, परत पाला कोंबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ. आत पाण्याचा थेंब नाही, सगळं शिजतं ते पाल्याच्या आणि शेंगांच्या वाफेवर. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चुरचुरलं की उतरवायचं. शेंगा सोलताना बोटं काळी होतात आणि भांबुर्डीचा तो कडवट-उग्र वास संध्याकाळपर्यंत हाताला राहतो. काशीदला बनाना राइड करण्यापेक्षा तोच वेळ पोपटीला द्यावा, असं माझं मत.

मुक्काम मुरुडला.

दुसरा दिवस : जंजिरा, पहिली तर, दिवेआगर

राजपुरीच्या धक्क्यावर सकाळी लवकर पोचावं. दहानंतर शाळेच्या सहली येतात आणि मग शिडाच्या होडीतसुद्धा लोकलमध्ये उभं राहिल्यासारखं वाटतं. जंजिऱ्याबद्दल सगळ्यांना एकच गोष्ट माहीत असते, तो कधी जिंकला गेला नाही. खरं आहे. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभारला, संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायचा घाट घातला, तरी सिद्दी तिथेच राहिले, ते थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. पण हे का जमलं, ते होडीतून बघितल्याशिवाय कळत नाही. महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. दोन बुरुजांच्या कुशीत तो असा दडवलाय की होडी भिंतीवर आपटणार असं वाटतं आणि मग दार उघडतं. शिवाय तट थेट पाण्यातून उठलाय, शिडी लावायला पायाखाली जमीनच नाही.

दरवाजाजवळ एक शिल्प आहे : वाघासारखा प्राणी, पायांखाली हत्ती दाबून धरलेले. गाइड घाईत असतात, तिथे फार रेंगाळू देत नाहीत. आत कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तीन नावाजलेल्या तोफा, गोड्या पाण्याचे तलाव, पडके वाडे. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध पिण्याजोगं पाणी, हे गुपित तोफांहून मोठं. होडीवाले पाऊण तास देतात. तो पुरत नाही. जास्तीचे पैसे देऊन उशिराच्या होडीने परत येतो असं आधीच बोलून ठेवलं तर बहुतेक जण ऐकतात.

दुपारी आगरदांडा. इथे पहिली तर. रस्ता खाली उतरत जातो, सिमेंटचा उतार शेवाळाने हिरवा झालेला, आणि बोटीचं लोखंडी तोंड त्यावर खडखडत टेकतं. शिट्टी तोंडात धरलेला पोरगा हातवारे करत गाड्या उलट्या आत घालायला लावतो, म्हणजे पलीकडे सरळ बाहेर पडता येतं. "पहिल्या गिअरला ठेवा, हँडब्रेक ओढा, आरसे मिटा." दोन गाड्यांमध्ये चार बोटांची जागा. दार उघडायला जेमतेम फट मिळते, तरी सगळे बाहेर पडून कठड्याला येतात. आमच्या मागे लग्नाचं वऱ्हाड होतं, टेम्पोत ढोल-ताशा. दिघी येईपर्यंत नवरदेवाच्या मित्रांनी वाजवून घेतलं.

दिवेआगरला लोक जातात ते सुवर्णगणेशासाठी. १९९७ मध्ये एका वाडीत खोदताना ताम्रपेटीत सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये दरोड्यात चोरीला गेला, दोन रखवालदारांचा त्यात जीव गेला, आणि २०२१ मध्ये गणपती पुन्हा बसवला. ही हकिगत मोठी आहे हे खरंच. पण देखणेपण बघायचं तर चार पावलं पुढे रूपनारायणाच्या देवळात जावं. शिलाहार काळातली विष्णूची मूर्ती, काळाभोर गुळगुळीत दगड, भोवतीच्या प्रभावळीत दशावतार. पुजारी नव्हते, कुणीच नव्हतं. बायको मत्स्यापासून एकेक अवतार बोटाने मोजत बसली. याच दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट मिळाला, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. गाव आजचं नव्हे.

वाड्यांमधून हिंडताना मधेच आभाळ मोकळं दिसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं आणि पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकांनी नवीन लावलेली रोपं दाखवली. श्रीवर्धनी रोठा सुपारी हे इथलं नगदी पीक, आणि झाड धरायला काही वर्षं जातात. तोवर भाड्याच्या खोल्या. "सुपारी पडली म्हणून खोल्या बांधल्या," काका म्हणाले, "आता पोरगा म्हणतो खोल्याच बऱ्या."

रात्री अंगणात बाबांनी भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची. ती भरतीची वेळ. आज षष्ठी, म्हणजे साहा पाऊणे साडेचार, साडेचारला भरती. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. मोबाइलवर तक्ता काढून बघितलं, जेमतेम काही मिनिटांचा फरक. कालनिर्णय खिशात असला की कोकणात समुद्र कळतो.

तिसरा दिवस : शेखाडी, हरिहरेश्वर, बाणकोटची खाडी

दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा रस्ता महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा समुद्ररस्ता आहे, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. कितीतरी अंतर लाटा आणि चाक यांच्यामध्ये फक्त कठडा. याच शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं होतं. आता तिथे जाळी वाळत घातलेली, आणि सुकटीचा वास.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं मूळ गाव. पुतळ्याला नमस्कार करून, उकडीचे मोदक बांधून घेऊन निघालो, कारण सप्तमीची ओहोटी सव्वाअकराला होती आणि हरिहरेश्वर ओहोटीतच बघायचं.

तिथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, परत काळभैरव असा दर्शनाचा क्रम आहे. देऊळ झालं की प्रदक्षिणेची वाट. डोंगराच्या कपारीतून पायऱ्या खाली उतरतात आणि तुम्ही एकदम खडकाच्या ओट्यावर समुद्रासमोर उभे. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने इथला खडक असा कोरलाय की कड्याला मधमाशांचं पोळं लागलंय म्हणावं. हात घातला तर एकेका भोकात मूठ मावते, आतली धार अजून करकरीत, आणि काहींच्या तळाशी मिठाची पांढरी साय. शंख चिकटलेले, हात लावला की गच्च धरतात. देवळाभोवतीची ही प्रदक्षिणा पुरी व्हायला अर्धा तास पुरतो, पण आम्ही दीड तास घालवला.

भरतीत ही वाट समुद्राची होते. पाट्या लावलेल्या आहेत, आणि लाटेने ओढून नेल्याच्या घटना इथे वारंवार घडल्यात. तरी आम्ही वर येत असताना एक टोळकं सेल्फी काठ्या घेऊन खाली चाललेलं. बाबांनी त्यांना थांबवून घड्याळ दाखवलं. "एक वाजायच्या आत वर या, कळलं?" पोरांनी मान डोलावली. ऐकलं की नाही, देव जाणे.

बागमांडल्याच्या धक्क्यावर पोचलो तर तर नुकतीच सुटलेली. थांबणं आलं. टपरीवर कोकम सरबत घेतलं. समोर पलीकडच्या टेकाडावर बाणकोटचा किल्ला, खाली महाबळेश्वराहून आलेली सावित्री समुद्राला मिळतेय. या खाडीत आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी बुडाली आणि तो पुढे महाबळेश्वरच्या कड्यावर बसून सावित्रीच्या खोऱ्याकडे बघत राहायचा, असं सांगतात. आर्थर सीट म्हणून आपण फोटो काढतो तो हाच कडा. नदीच्या दोन टोकांना एकच माणूस.

खाडीत पुलाचे खांब कधीपासून उभे आहेत. वर पूल नाही. त्यांच्याकडे बघत तर पंधरा मिनिटांत वेसवीला लागली आणि रत्नागिरी जिल्हा सुरू झाला.

वेळासला पोचेपर्यंत पाच वाजले. बॅगा टाकल्या आणि किनाऱ्याकडे. गावातून वाळूपर्यंत बरंच चालायचं आहे, शेवटचा तुकडा सुरूच्या बनातून. सहाला वन विभागाच्या आणि गावातल्या कार्यकर्त्यांनी कुंपणाचं फाटक उघडलं, घरट्यांवरच्या टोपल्या एकेक करून उचलल्या. सगळ्या रिकाम्या. जमलेल्या शंभर-दीडशे लोकांचा एक सामुदायिक सुस्कारा. पुण्याची एक छोटी मुलगी रडायलाच लागली.

चौथा दिवस : कासवं, केळशी, हर्णै

सकाळी सातला परत तिथेच.

इथे २००२ पासून हे काम चाललंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने सुरुवात केली, तेव्हा कासवाची अंडी खाणं किंवा विकणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मग गावातलीच पोरं पहाटे किनाऱ्यावर फिरून मादीच्या पावलांचा माग काढायला लागली. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री वाळूत येते, दीड-दोन फूट खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वळून न बघता समुद्रात परत जाते. कुत्री, कोल्हे यायच्या आत ती अंडी उचलून कुंपणातल्या तसल्याच खड्ड्यात ठेवायची, वर टोपली. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं स्वतःच वाळू वर ढकलत येतात. त्यांना बघायला माणसं यायला लागली, माणसं राहायला लागली, आणि अंड्यांपेक्षा पिल्लांचे पैसे जास्त येतात हे गावाला कळलं. निसर्गप्रेमाचं भाषण इथे कुणी करत नाही, आणि मला तेच आवडलं.

तिसरी टोपली उचलली आणि कार्यकर्त्याने नुसता हात वर केला. वाळू मधोमध खचलेली, आणि त्या खळग्यात काळपट राखाडी, आगपेटीपेक्षा थोडी मोठी पिल्लं एकमेकांवर चढत होती. काही अजून गळ्यापर्यंत वाळूत, डोळे मिटलेले, पापण्यांवर कण. त्यांना घमेल्यात घेऊन पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडलं. थेट पाण्यात सोडत नाहीत, तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं. दोरीमागे आम्ही सगळे गुडघ्यांवर. पुढचे दोन पंख आळीपाळीने मारत ती निघतात, माणसाच्या पावलाच्या ठशात पडतात, धडपडून बाहेर येतात. एक उलटंच गावाकडे चाललेलं. पहिली लाट आली की बरीचशी परत मागे फेकली जातात. दुसऱ्या लाटेला डोकी दिसतात, तिसऱ्याला नाही. वर घारी होत्याच.

कालची ती मुलगी आता दोरीखालून आत घुसायच्या बेतात होती आणि तिची आई तिचा फ्रॉक धरून बसलेली. खात्री कुणालाच देता येत नाही, म्हणून दोन रात्री ठेवून जावं. फेब्रुवारी-मार्च हा काळ चांगला. फ्लॅश नाही, हात लावणं नाही.

घरी परतल्यावर काकूंनी पोहे आणि आंबोळ्या वाढल्या. वेळास हे नाना फडणवीसांचंही गाव, महालक्ष्मीचं देऊळ आणि नानांचा पुतळा बघून निघालो.

भारजेच्या खाडीला वळसा घालून केळशी. महालक्ष्मीचं देऊळ, तळं, आणि खाडीच्या मुखाशी ती वाळूची प्रसिद्ध टेकडी. प्राचीन त्सुनामीने ती वाळू आणून टाकली असावी असं काही अभ्यासकांनी मांडलंय. उन्हात वर चढण्याइतका उत्साह एकट्या बाबांकडे होता. आम्ही खाली सावलीत.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती मात्र चुकवू नये. उजव्या सोंडेची मूर्ती, पांढरंशुभ्र देऊळ, आणि मागच्या बाजूला गेलं की खाली माडांचा गालिचा नि पलीकडे पाण्यात सुवर्णदुर्ग. आंजर्ल्याच्या खाडीवर आता पूल आहे. बाबांच्या काळी इथे प्रवासी एसटीतून उतरायचे, होडीने पलीकडे जायचे आणि तिकडच्या एसटीत बसायचे.

हर्णै बंदरात साडेचारपर्यंत पोचावं. मोठ्या होड्या लांब नांगरलेल्या असतात, माल छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून किनाऱ्याला येतो. बैल पोटापर्यंत पाण्यात, गाडीवान उभा. वाळूवर ढीग पडतात : सुरमई, हलवा, बांगडे, सौंदाळे, माकूल, कोळंबीच्या राशी. आणि मग लिलाव. बोली लावणाऱ्या बहुतेक बायकाच. एक भाव पुकारत जातो, त्या बोलतसुद्धा नाहीत, नजरेने आणि हनुवटीने व्यवहार होतो, अर्ध्या मिनिटात ढीग विकला गेलेला असतो. आपण मध्ये तोंड घालायचं नाही. लिलावात घेतलेला माल त्याच बायका दहा पावलांवर किरकोळीत विकतात, तिथे आपला नंबर. बायकोने सुरमई घेतली, घासाघीस केली आणि सपशेल हरली. "ताई, बर्फातली नाय ही. डोळा बघा," म्हणून मावशींनी मासा तिच्या नाकाशी धरला. कोयतीवर तुकड्या पाडून घेतल्या आणि पुढच्या खानावळीत तळायला दिल्या.

सुवर्णदुर्गाला होडी जाते, पण अंधार पडत आलेला. कान्होजी आंग्रे ज्या किल्ल्यावरून मोठे झाले, तो १७५५ मध्ये त्यांच्या मुलाच्या, तुळाजीच्या हातून गेला. इंग्रज आरमाराने तोफा डागल्या, आणि पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. हे आठवलं की किनाऱ्यावर उभं राहून जरा चरफडायला होतं.

मुक्काम दापोलीजवळच्या मुरुडला, महर्षी कर्व्यांच्या गावी. हेच कर्वे इथून परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले होते आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसूच दिलं नव्हतं.

पाचवा दिवस : पन्हाळेकाजी, दाभोळ, गुहागर

पन्हाळेकाजीला समुद्रावरचे पर्यटक फारसे जात नाहीत. दापोलीहून आत, कोटजाई नदीच्या काठाला, २९ लेणी. सुरुवातीला बौद्ध, मग बौद्धांतलाच तांत्रिक वज्रयान पंथ, मग शिलाहारांच्या काळात नाथपंथ आणि गणपतीला भजणारे गाणपत्य, एकाच कातळात हजारेक वर्षांची वस्ती. १४ क्रमांकाच्या लेण्यात नाथसिद्धांच्या लहान लहान मूर्ती भिंतीवर ओळीने बसलेल्या आहेत, आणि गावाकडचं २९ वं, गौर लेणं, तर सुटं एका बाजूला. आम्ही सोडून तिथे एक रखवालदार आणि दोन म्हशी. वेरूळला रांगेत उभं राहून जे बघता येत नाही ते इथे बसून बघता येतं.

दाभोळ हे एके काळचं मोठं बंदर. रशियन प्रवासी अफनासी निकितिन १५ व्या शतकात हिंदुस्थानातून परतताना इथूनच जहाजात चढला. त्या वैभवातलं आता उरलंय ते धक्क्याजवळच्या काळ्या दगडाच्या मशिदीत, १७ व्या शतकातल्या विजापुरी बांधणीची. वरच्या अंगाला चंडिकेचं गुहेतलं देऊळ. वाकून, भिंत चाचपत आत जायचं, उजेड समईचा तेवढाच.

तिसरी तर इथली, दाभोळ-धोपावे. २००३ पासून चालू आहे आणि चारांत सगळ्यात शिस्तीची. ही नसेल तर दापोली-खेड-चिपळूण करत गुहागरला जायला शंभरावर किलोमीटर पडतात. वाशिष्ठीच्या मध्यावर आलं की उजवीकडे धुराडी दिसतात. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या काळात ज्याच्यावरून महाराष्ट्र पेटला होता तो वीज प्रकल्प. नाव दाभोळचं, प्रकल्प मात्र पलीकडे गुहागर तालुक्यात.

तरीवर शेजारी एक बाई उभ्या होत्या, मांडीला प्लास्टर घातलेला मुलगा रिक्षात. मी आपलं पर्यटकी कौतुक चालवलं होतं, की पूल झाला की ही गंमत जाणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "दादा, रात्री तर बंद असते. रात्री कुणाला काही झालं तर?" यावर काय बोलणार! बाबा मला म्हणाले, "गंमत आपली, खाडी त्यांची." सकाळी 'लवकर करा हा प्रवास' म्हणून मित्रांना मेसेज टाकले होते. ते तसेच राहू दिले, पण तेव्हापासून पुलांच्या खांबांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघतो.

गुहागरला व्याडेश्वराचं दर्शन आणि संध्याकाळी किनारा. लांबलचक, सुरूच्या रांगेला टेकलेला, आणि दापोलीच्या मानाने रिकामा. बस्स.

सहावा दिवस : बामणघळ आणि शेवटची तर

दशमी. दहा पाऊणे साडेसात. म्हणून पहाटेच हेदवी गाठली. उमामहेश्वराच्या देवळामागे खडकाला उभी चीर आहे, तीच बामणघळ, भरतीचं पाणी तिच्यात कोंडलं की कारंज्यासारखं वर उसळतं. निदान फोटोंत तरी. आम्ही उभे राहिलो, पाणी आत शिरलं, घशात गुळणी करावी तसा आवाज झाला आणि परत गेलं. बाबांनी सांगितलं, अष्टमीच्या अलीकडे-पलीकडे भांगाचं पाणी असतं, जोर नसतो. उधाण बघायचं तर अमावास्या-पौर्णिमेला यावं, आणि पावसाळ्यात आलात तर लांबून बघावं. तिथीचं गणित वेळ सांगतं, पाण्याची ताकद नव्हे.

दशभुजा गणेशाचं देऊळ टेकडीवर, दीपमाळेसकट टुमदार. पांढऱ्या दगडाची दहा हातांची मूर्ती. वेळणेश्वर मागे राहिलं होतं, परत फिरलो नाही.

तवसाळची तर सगळ्यात निवांत. शास्त्री नदीची खाडी, आमची गाडी, दोन बाइक आणि आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचा एक टेम्पो. समोर जयगडचा किल्ला आणि त्याच्या बाजूला आधुनिक बंदराच्या क्रेन. किल्ल्याचा तट आणि खंदक शाबूत आहेत, तासभर पुरतो. त्यापेक्षा कऱ्हाटेश्वराला जास्त वेळ द्यावा. समुद्राच्या अगदी तोंडावर देऊळ, खाली उतरून गेलं की गोड्या पाण्याचा झरा, आणि लाटा पायरीपाशी.

मुक्काम मालगुंडला. गणपतीपुळे दोन-तीन किलोमीटरवर, तिथल्या गर्दीत राहण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

सातवा दिवस : परत

सकाळी केशवसुतांचं स्मारक. १८६६ मध्ये ते इथे जन्मले. घर कौलारू, नीटनेटकं जपलेलं, बाहेर कवितांच्या शिळा. बायकोने 'तुतारी'ची दोन कडवी मोठ्याने म्हटली, तिसऱ्याला अडखळली, आणि बाबांनी ती पुरी केली. कंडक्टरला पाठ काय काय असतं!

मग निवळीला महामार्गाला लागलो. संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, कशेडीचा बोगदा. जाताना जे आठवडाभर पुरलं ते येताना संध्याकाळपर्यंत उरकलं.

कुणी जाणार असेल तर दोन-चार गोष्टी. तरींच्या वेळा आदल्या दिवशी धक्क्यावर किंवा उतरलेल्या घरी विचारून घ्याव्यात, शेवटची फेरी अंधार पडता पडता जाते आणि इंटरनेटवरच्या वेळांचा भरवसा नाही. रोख पैसे ठेवावेत. वेळासची खोली आधी सांगून ठेवावी. पुण्याहून येणाऱ्यांनी ताम्हिणीतून माणगावला उतरून थेट दिवेआगर धरावं, जंजिरा दिघीहून तरीने पलीकडे जाऊन करता येतो. आणि निघायची तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या आधी तिथी बघावी. हरिहरेश्वरची ओहोटी सकाळी अकराच्या पुढेमागे हवी असेल तर षष्ठी-सप्तमी, बामणघळ उसळलेली हवी असेल तर पौर्णिमा. दोन्ही एका फेरीत हवं असेल तर हरिहरेश्वर करून आठवडाभर दापोली-गुहागरात तळ ठोकावा लागेल. बाबांचा पुढचा बेत तोच आहे.